विद्यापीठ बघायला जाताना

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात शिकवते. दिवाळीची सुट्टी संपली की पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली स्टाफरूमच्या दाराशी घुटमळायला लागतात. "मॅडम, पुढं पुण्याला जाऊ का?" पुण्याला म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, गणेशखिंडीच्या परिसरात. मी स्वतः तिथं एम.ए. केलं, नंतर संशोधनाच्या निमित्तानं जात-येत राहिले आणि आता मुलांना दाखवायला घेऊन जाते. त्यांना माझं एकच सांगणं असतं : फॉर्म भरायच्या आधी एकदा जाऊन या. माहितीपत्रक वाचून किंवा मित्राच्या भरवशावर प्रवेश घेतलेली आणि पहिलं सत्र संपायच्या आत सामान बांधून गावी परतलेली चांगली हुशार मुलं मी पाहिली आहेत. आयुष्याची दोन वर्षं आणि आईबापांनी साठवलेले पैसे जिथं घालायचे, ती जागा आधी डोळ्यांनी बघण्याचा हक्क प्रत्येक मुलाला आहे. या जाण्या-येण्यातून जे उमगलं ते इथं मांडते. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण तोच परिसर मला नीट माहीत आहे. पण मुंबईच्या कलिन्याला किंवा कोल्हापूरला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

१. निघण्याआधी आपला विभाग नेमका कुठं आहे ते पक्कं करा.

"पुणे विद्यापीठात शिकायचंय" एवढ्यानं भागत नाही. एम.ए., एम.एस्सी. संलग्न महाविद्यालयांतही असतं आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांतही असतं. पदवीवर नाव त्याच विद्यापीठाचं, पण अभ्यासक्रम, प्रवेशाची पद्धत, फी आणि रोजचं वातावरण यांत पुष्कळ फरक पडतो. त्यातून सगळे विभाग एका आवारात नाहीत. परकीय भाषा किंवा पत्रकारिता शिकायची तर फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट गाठावं लागतं. आणि काही संस्था विद्यापीठाच्याच असतील असं बाहेरगावच्या मुलांना वाटतं, त्या स्वतंत्र आहेत. पुरातत्त्वाचं वेड असलेली एक मुलगी माझ्याबरोबर आली होती. डेक्कन कॉलेजचं नाव तिच्या मनात ठसलेलं, आणि ते विद्यापीठाच्या आवारातच कुठंतरी असणार असं ती धरून चालली होती. डेक्कन कॉलेज नदीपलीकडं येरवड्याला आहे आणि ते स्वतःच अभिमत विद्यापीठ आहे. दुपारी रिक्षा करून तिला तिकडं घेऊन गेले. आधी फोन करून, नकाशा बघून निघालो असतो तर तिला अख्खा दिवस तिथं मिळाला असता. अर्थशास्त्राच्या मुलांची अशीच गल्लत गोखले इन्स्टिट्यूटबद्दल होते. तीही वेगळी संस्था, बीएमसीसी रस्त्यावरची.

२. कामकाजाच्या दिवशी जा.

लग्नाला पुण्यात आलो होतो, रविवारी विद्यापीठात चक्कर मारून आलो, असं मुलं सांगतात. त्यांनी वडाची झाडं बघितलेली असतात आणि बंद दारं. जून-जुलैत प्रवेशाची धांदल असते. खिडकीपलीकडच्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते. मे महिन्यात सुट्टी, नोव्हेंबरात परीक्षा आणि दिवाळी. ऑगस्ट-सप्टेंबर किंवा जानेवारी-फेब्रुवारीतला आठवड्याच्या मधला दिवस उत्तम. सकाळी दहा-साडेदहाला आत असा आणि संध्याकाळपर्यंत थांबा.

विज्ञानाच्या मुलांनी २८ फेब्रुवारी लक्षात ठेवावा. त्या दिवशी, राष्ट्रीय विज्ञान दिनी, परिसरातलं आयुका सर्वसामान्यांसाठी खुलं असतं. जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभी केलेली ही संस्था आणि चार्ल्स कोरिया यांनी केलेली तिची रचना बघून मुलं हरखून जातात, आणि जावीच. फक्त एवढं ध्यानात असू द्या की आयुका हे स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. तुमची एम.एस्सी. व्हायची ती पदार्थविज्ञान विभागात, आणि तो विभाग बघायला आणखी एक साधा दिवस काढावा लागेल.

३. पायात चांगल्या चपला असू द्या.

परिसर ४११ एकरांचा आहे. मुख्य प्रवेशद्वार गणेशखिंड रस्त्यावर, खडकीच्या बाजूला दुसरं. चुकीच्या दारानं शिरलात तर भर उन्हात अर्धा तास चालणं होतं. नाशिक, संभाजीनगरकडून एसटीनं येणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की शिवाजीनगरचं बसस्थानक मेट्रोच्या कामामुळं २०१९च्या अखेरीला वाकडेवाडीला हलवलं गेलं. वडील मंडळी अजून जुन्याच जागेची खूण सांगतात. पाण्याची बाटली, ओळखपत्र आणि एक वही एवढं बरोबर पुरे.

४. मुख्य इमारत बघा, पण तिथं रेंगाळू नका.

मनोऱ्याची ती दगडी इमारत सगळ्यांच्या फोटोत असते. मुंबईच्या गव्हर्नरच्या पावसाळी मुक्कामासाठी ती बांधली; सर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत काम सुरू झालं आणि १८७१ साली पुरं झालं. २२ जून १८९७च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ याच वास्तूत झाला आणि तिथून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या. पुढं १९४९ साली विद्यापीठ सुरू झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि गव्हर्नरचं घर विद्यापीठाचं झालं. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं. हा इतिहास मी मुलांना तिथंच उभं करून सांगते, कारण ज्या वास्तूत इंग्रज साहेबाच्या मेजवान्या झडल्या ती आता आपल्या पोराबाळांची आहे, हे त्यांना तिथं उभं राहून जसं कळतं तसं पुस्तकातून कळत नाही. पण तुमचा वर्ग या इमारतीत भरणार नाही. ज्या इमारतीत भरणार आहे ती बहुधा साधी, चुन्याचे पोपडे निघालेली, दोन मजली असेल. पाय तिकडं वळवा.

५. सगळ्यात जास्त वेळ विभागात घालवा.

माझ्या मते विद्यापीठ बघणं म्हणजे एक विभाग बघणं. बाकीचं सगळं त्याच्या अवतीभवती.

आधी परंपरा वाचून जा. संस्कृत प्रगत अध्ययन केंद्र १९६४ साली रा. ना. दांडेकरांनी उभं केलं. गणित-संख्याशास्त्राची घडण वि. शं. हुजूरबाजारांनी केली, ललित कला केंद्राची धुरा सतीश आळेकरांनी अनेक वर्षं वाहिली. अशी नावं जवळपास प्रत्येक विभागाला आहेत आणि ती माहीत असलेल्या मुलाशी तिथली माणसं वेगळ्या आपुलकीनं बोलतात, हा माझा अनुभव आहे. मात्र तुम्हाला शिकवणारी माणसं आजची असणार. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा : पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती? राज्यातल्या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या आहेत, हे उघड आहे. तासिका तत्त्वावर शिकवणारी काही माणसं विलक्षण तळमळीनं शिकवतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण पुढल्या सत्रात ती तिथं असतीलच याची हमी त्यांनाही नसते. ज्या विषयात तुम्हाला प्रबंध लिहायचा आहे, त्या विषयाचं माणूस विभागात आहे का, हे तुम्हाला कळलंच पाहिजे.

मग सूचनाफलकापाशी उभे राहा. विभागाची प्रकृती फलकावर दिसते. एका विद्यापीठातल्या एका विभागात (नाव सांगत नाही) फेब्रुवारीत गेलो होतो, तर फलकावर मागच्या वर्षीचं वेळापत्रक होतं. कागद पिवळा पडलेला, टाचण्या गंजलेल्या, आणि त्याच्यावर कुणीतरी खोली भाड्यानं देण्याची जाहिरात चिकटवलेली. दुसरीकडं त्याच दिवशी बघितलेल्या फलकावर आठवड्याचं वेळापत्रक हातानं दुरुस्त केलेलं होतं, एका व्याख्यानाची सूचना होती, अंतर्गत गुणांची यादी होती आणि तिच्याखाली तक्रार कुणाकडं आणि कधीपर्यंत करायची ते लिहिलेलं होतं. माझ्याबरोबरच्या मुलांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

विभागाचं स्वतःचं छोटं ग्रंथालय असतं. तिथलं देवघेवीचं रजिस्टर टेबलावरच पडलेलं असतं. शेवटच्या नोंदीची तारीख बघा. विज्ञानाचा विभाग असेल तर प्रयोगशाळेच्या दारातून आत डोकवा आणि यंत्रांवरची प्लास्टिकची आच्छादनं निघतात का ते विचारा. गेल्या दोन-तीन वर्षांतले प्रबंध कपाटात असतात, त्यातला एखादा मागून चाळा. आणि शक्य झालं तर तासाला बसा. हे मुलांना अशक्य वाटतं. विभागप्रमुखांना चार ओळींचा ईमेल आधी पाठवला तर बहुतेक वेळा परवानगी मिळते. नाहीच मिळाली तरी विभागातल्या मामांना नीट विचारलं तर "त्या सरांचा तास सुटला की भेटा" एवढं ते सांगतातच. शिपाईमामांशी आदरानं बोला. विभागातलं कोण कधी येतं, कोण मुलांसाठी थांबतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

६. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा.

पहिल्या वर्षाची मुलं अजून नवलाईत असतात आणि पीएच.डी.ची मुलं आपल्या विवंचनेत. एम.ए.-एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला दादा किंवा ताई खरं ते सांगते. त्यांना गाठायची जागा म्हणजे अनिकेत कँटीन किंवा रिफेक्टरी. चहा सांगा आणि विचारा : तास वेळेवर होतात का? निकाल कधी लागतो? मागच्या दोन बॅचची मुलं आता काय करताहेत? सेट-नेट कितीजण झाले? (महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा हेच विद्यापीठ घेतं, त्यामुळं इथल्या मुलांना तिची बारीकसारीक माहिती असते.) आणि शेवटी एक प्रश्न मी आमच्या मुलांना आवर्जून विचारायला सांगते, "पुन्हा संधी मिळाली तर याच विभागात प्रवेश घेशील?" उत्तराआधी तो किती वेळ थांबला, ते ऐका.

एकालाच विचारून समाधान मानू नका. ज्याला कमी गुण पडले त्याला सगळंच वाईट दिसतं आणि जो सरांचा लाडका त्याला सगळंच छान.

७. जयकर ग्रंथालयात जाऊन बसा, आणि स्वतःला एक प्रश्न विचारा.

पहिल्या कुलगुरूंच्या नावाचं हे ग्रंथालय परिसराचं हृदय आहे. मी तिथं काढलेल्या दुपारी आयुष्यात विसरणार नाही. वाचकाला तिथं जे मिळतं ते आमच्या जिल्ह्यात कुठंच मिळत नाही, आणि त्याच एका गोष्टीसाठी पुण्याला जावं असं मी म्हणेन.

पण ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत फिरताना टेबलांवरची पुस्तकं बघा. बरीचशी एमपीएससी-यूपीएससीची असतात. गावाकडची अनेक मुलं वसतिगृह आणि अभ्यासिका मिळावी म्हणून एखाद्या विषयाला प्रवेश घेतात आणि खरा अभ्यास स्पर्धा परीक्षेचा करतात. मी त्यांना दोष देत नाही. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू जमीन आहे त्या घरातल्या मुलाला सरकारी नोकरीची आस असणारच, आणि पुण्यात राहायला परवडणारी दुसरी जागा त्याला कुणी दिलेली नाही. पण याची किंमत मी जवळून पाहिली आहे. तास बुडतात, विषय हातचा जातो, पूर्वपरीक्षा दोन-तीनदा हुकते आणि वय सत्तावीस-अठ्ठावीस होतं. हाती जी पदवी असते तिच्यातलं काही मनापासून शिकलेलं नसतं. दुसऱ्या बाजूला, ज्यांनी विषय मनावर घेतला आणि त्याच्याबरोबरीनं परीक्षा दिली, त्यांच्यापैकी जे अधिकारी झाले नाहीत तेही आज शिकवताहेत, भाषांतरं करताहेत, संस्थांमध्ये कामाला आहेत. म्हणून अभ्यासिकेच्या पायरीवर बसून स्वतःला विचारा : मी इथं विषय शिकायला येतोय की राहायला जागा हवी म्हणून? उत्तर दुसरं असेल तर ते घरी मोकळेपणानं सांगा आणि किती वर्षं द्यायची ते आधीच ठरवा. निदान आवडीचा विषय तरी निवडा. ज्याला गर्दी कमी तो निवडू नका.

८. राहण्याची सोय प्रत्यक्ष बघितल्याशिवाय परतू नका.

प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळालं असं नसतं. यादी प्रवेशानंतर लागते, गुणवत्ता आणि आरक्षणानुसार लागते, आणि जागा मागणीपेक्षा नेहमीच कमी असतात. तोवर काय? मुलं कॉट बेसिसवर राहतात. म्हणजे एका खोलीत चार-पाच कॉट, आपल्या वाट्याला एक कॉट आणि तिच्याखालची जागा. बोपोडी, खडकी, सांगवी या भागांत तुलनेनं स्वस्त पडतं; औंध, मॉडेल कॉलनी महाग. परिसर बघून झाला की दुपारी यातल्या एखाद्या वस्तीत पायी फिरा. खोलीचं भाडं, डिपॉझिट किती आणि परत कधी मिळतं, पाणी किती वेळ येतं, मेसच्या डब्यात काय असतं, एजंट किती घेतो, हे सगळं विचारून वहीत लिहा. वसतिगृहात ओळखीच्या मुलाच्या खोलीत विनापरवाना राहायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो मानू नका. तपासणी झाली की ज्यानं आसरा दिला त्याचीही जागा धोक्यात येते.

९. पैशांचा हिशेब तिथंच मांडा.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं विद्यापीठात कमवा व शिका योजना चालते. कार्यालयात, ग्रंथालयात, बागेत दिवसाचे काही तास काम करायचं आणि तासाप्रमाणं मानधन घ्यायचं. त्यातून सगळा खर्च निघत नाही, पण मेसचा भार हलका होतो. मला याहून मोठी गोष्ट वाटते ती ही की काम करणारा मुलगा परिसरात पाहुण्यासारखा राहत नाही. योजनेचा अर्ज कधी निघतो ते विद्यार्थी विकासाच्या कार्यालयात जाऊन विचारून घ्या.

शिष्यवृत्त्या महाडीबीटीवरून भरायच्या असतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात भोजन, निवास आणि निर्वाह धरून वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. गुणांच्या आणि उत्पन्नाच्या अटी आहेत, त्या वाचून घ्या. इतर प्रवर्गांसाठीही योजना आहेत आणि त्यांची नावं तुमच्या महाविद्यालयातल्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर आधीच मिळतील. हप्ते वेळेवर येतील असं धरून चालू नका. पहिले चार महिने स्वतःच्या बळावर काढता येतील एवढी तजवीज हवी.

कागदपत्रांचं तर मी शेवटच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून सांगत असते. जात वैधता, नॉन-क्रीमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास; दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र. परिसरातल्या खिडकीवर यादी मागून घ्या आणि गावी परतल्या आठवड्यात त्या-त्या कार्यालयात अर्ज टाका.

१०. इंग्रजीला भिऊन परत फिरू नका.

आमच्याकडची मुलं मुख्य प्रवेशद्वारातून आत शिरली की आपसात बोलायची थांबतात. देशोदेशीचे, राज्याराज्यांतले विद्यार्थी इंग्रजी-हिंदीत बोलत समोरून जातात आणि आपण इथले नाही असं यांच्या मनात येतं. मी तेव्हा त्यांना मुद्दाम एखाद्या विभागाच्या कट्ट्यावर नेऊन बसवते. दहा मिनिटांत बार्शीची, सिन्नरची, पाथर्डीची बोली कानावर येते. तास इंग्रजीत होतो की दोन्ही भाषांत, उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते का, संदर्भग्रंथ कोणत्या भाषेतले, हे विभागात थेट विचारा. यात कमीपणा काही नाही. मराठी माध्यमातून आलेली आणि आता उत्तम इंग्रजीत शोधनिबंध लिहिणारी माणसं त्याच विभागात शिकवत असतात आणि त्यांना हा प्रश्न मनापासून कळतो.

११. आई-वडिलांना बरोबर घ्या, विशेषतः मुलींनी.

मुलीला पुण्याला पाठवायचं की नाही हा निर्णय आपल्याकडं अजून घरात होतो, आणि तो बहुतेक वेळा न बघितलेल्या शहराच्या भीतीपोटी होतो. आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील "बघू, बघू" म्हणत दिवस ढकलत होते. त्यांना आग्रह करून बरोबर घेतलं. विभाग, ग्रंथालय, कँटीन, कशातच त्यांनी रस दाखवला नाही. मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी मात्र ते बराच वेळ उभे राहिले. फाटकावरच्या बाईंनी एका मुलीला थांबवून रजिस्टरमध्ये वेळ लिहायला लावली, सही घेतली, ओळखपत्र बघितलं, मगच आत सोडलं. हे त्यांनी दोन-तीन मुलींच्या बाबतीत होताना बघितलं. मग पुढं होऊन त्या बाईंना विचारलं, "ताई, रात्री दुखलंखुपलं तर दवाखान्यात कोण नेतं?" बाईंनी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राचं सांगितलं, रेक्टर मॅडम कुठं बसतात तेही सांगितलं. वडिलांनी ते ऐकून घेतलं आणि बसमध्ये बसल्यावर मुलीला म्हणाले, "फॉर्मची तारीख काय?" ती मुलगी आज एका महाविद्यालयात शिकवते. मी वर्गात तास-तासभर बोलले असते तरी हे झालं नसतं.

१२. निदान आणखी एक विद्यापीठ बघा.

१९४९ मध्ये जळगावपासून कोल्हापूरपर्यंतचे बारा जिल्हे पुणे विद्यापीठाकडं होते. उच्च शिक्षण म्हणजे पुणं, हे आजोबांच्या पिढीचं समीकरण तेव्हाचं आहे. त्यानंतर १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, १९९० साली जळगावचं. मराठवाड्याचं विद्यापीठ १९५८ पासून आहे, नांदेडचं १९९४ पासून. एखाद्या विषयाला तिथला विभाग पुण्यापेक्षा सरस असू शकतो, आणि राहण्याचा खर्च निश्चितच कमी असतो. आमच्या एका मुलानं पुणं आणि कोल्हापूर दोन्ही बघितलं आणि कोल्हापूर निवडलं, कारण त्याच्या विषयाचे शिक्षक तिथं होते आणि ते त्याच्याशी तासभर बोलले. त्याचा निर्णय मला पूर्ण पटला.

१३. शिक्षक मित्रांनो, हे तुमच्यासाठी.

वर लिहिलेलं सगळं एकट्या मुलाला जमेलच असं नाही. ज्याच्या घरातून याआधी कुणी पदवीधर झालेलं नाही, त्याला विभागप्रमुखांच्या दारावर टकटक करायचा धीर होत नाही. त्याच्या पाठीशी कुणीतरी उभं राहावं लागतं. महाविद्यालयाची सहल दरवर्षी निघतेच. महाबळेश्वर, गणपतीपुळे व्हावंच, पण एक दिवस विद्यापीठासाठी राखून ठेवा. एसटी प्रासंगिक करारावर गाडी देते. महिनाभर आधी संबंधित विभागांना महाविद्यालयाच्या लेटरहेडवर पत्र पाठवा, मुलांची नावं आणि विषय कळवा. जानेवारीतला एखादा मंगळवार किंवा बुधवार धरा आणि तृतीय वर्षाचा सगळा वर्ग घेऊन जा, पुढं शिकायचं नाही म्हणणाऱ्या मुलांसकट.